मावशी आली

२७ जानेवारी २०२५
युगांडा

काशक्का,

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच. तुझ्या मोबाइलवर माझा नंबर कधीचा बंद आहे, हे मला माहीत आहे. घरी यावं तर तू दार उघडशील, पाण्याचा तांब्या पुढं ठेवशील आणि आत जाऊन भांडी घासत बसशील. गेली एकवीस वर्षं तेच चाललंय. म्हणून इथून लिहिते. इतक्या लांबून आलेला कागद तू न वाचता टाकणार नाहीस, एवढं मी तुला ओळखते. मोहोळचा निंगप्पा इथल्या कारखान्यात बॉयलरवर असतो, तो रजेवर निघालाय. त्याच्या हाती देतेय.

अभिमन्यू बरा आहे. साखर कारखान्यात केमिस्ट आहे, हे तुला त्यानं सांगितलंच असेल. तो तुला फोन करतो, मला कळतं. मावशीशी 'दोड्डव्वा' म्हणून बोलायला लागला की आईला ऐकू जाऊ नये म्हणून बाहेर जाऊन बोलतो. मी विचारत नाही.

विमानातून उतरून तीन तास गाडीत बसले आणि खिडकीबाहेर बघते तर काय, ऊस! दोन्ही बाजूंना ऊस, मळीचा वास, उसाच्या गाड्यांची रांग. मी म्हणलं, "अरे, फिरवून फिरवून मोहोळलाच आणलंस काय मला?" पोरगा इतका हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली.

पण क्वार्टरमध्ये किती बसणार गं? तो सकाळी कामावर जातो. मी झाडते, पुसते, परत झाडते. आठव्या दिवशी भाजी आणायला निघाले, तर वाटेत एका पिवळ्या बैठ्या इमारतीतून मुलांचा कालवा ऐकू आला. एकतीस वर्षं अंगणवाडी केलेल्या बाईचे पाय कुठं वळणार? आत गेले. अनाथ मुलांचं घर आहे ते. चौतीस मुलं. सगळ्यांत लहान तीन वर्षांचं, मोठी मुलगी चौदाची. सगळी एकदम थांबली आणि माझ्या साडीकडं बघत राहिली. एक पोरगी आली आणि पदर उचलून आत कोण आहे ते बघू लागली.

घर चालवणारी बाई रेबेका. आधी नर्स होती. धिप्पाड अंगाची, दारात उभी राहिली की दार दिसत नाही. माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे, पण ती सावकाश बोलते, मग कळतं. मी म्हणलं, मी मुलांचंच काम केलंय, रोज येऊ का? तिनं विचारलं, "किती दिवस?" मी म्हणलं, "तीन महिने, व्हिसा तेवढाच आहे."

ती म्हणाली, "मग दोन गोष्टी पाळा. मुलांना कसलं वचन द्यायचं नाही. आणि कुणा एकाला जवळ धरायचं नाही. आजी व्हायचं तर सगळ्यांची व्हा."

मी हो म्हणलं. सोपं वाटलं मला.

इथं आजीला जाज्जा म्हणतात. मी जाज्जा झालेय.

तुझी
धनलक्ष्मी

*

१६ फेब्रुवारी २०२५

काशक्का,

निंगप्पानं पत्र पोचवलं असं अभिमन्यू सांगतो. तू निंगप्पाला चहा दिलास, वर शेंगाचटणीची पुडी बांधून दिलीस. पुडी अभिमन्यूसाठी होती, तरी मी त्यातली दोन चमचे खाल्ली. रागावू नकोस.

इथं माझं काय चाललंय ते सांगते, हसशील. पहिल्या आठवड्यात पोरं इतका दंगा करायची की माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "गप बसा!" त्यांना तो शब्द इतका आवडला की आता गेट उघडलं की चौतीस जण एका सुरात ओरडतात, "गप बसाऽऽ!" त्यांना वाटतं आमच्या देशात नमस्कार असाच करतात. परवा इथले पाद्री आले, तर त्यांनाही सगळ्यांनी हात जोडून "गप बसा" केलं. ते बिचारे मनापासून "गप बसा, गप बसा" म्हणत सगळ्यांशी हात मिळवत फिरले. मी स्वयंपाकघरात पळाले. हसून हसून पोट दुखलं माझं.

स्वयंपाकघराचं ऐक. मी समजून होते, काय काय खातात कोण जाणे. तर स्वयंपाकीण परातीत कणीक मळत बसलेली. मी हाताकडं बोट केलं, हे काय? ती म्हणाली, "चपाती." मी म्हणलं, "चपाती?" ती म्हणाली, "चपाती!" दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. मला वाटलं ती आपलं बोलते, तिला वाटलं मी तिचं बोलते.

कामाचंही बोलते. बाजारातून तराजू मागवून मी सगळ्यांची वजनं घेतली, दंडाचा घेर मोजला, अंगणवाडीत करायचो तसं. नऊ मुलं कमी भरली. शेंगदाणे इथं पोत्यानं मिळतात आणि गूळही आहे. भाजलेला दाणा, गूळ, मक्याचं भाजलेलं पीठ, असे लाडू वळून रोज सकाळी द्यायला लागले. मोठ्या मुली मदतीला बसतात. रेबेकाबाई आधी लांबून बघायच्या. दोन आठवड्यांनी परत वजनं घेतली तेव्हा तराजूजवळ येऊन उभ्या राहिल्या. नऊपैकी सात जणांचा काटा पुढं सरकला होता. त्यांनी एक लाडू उचलून तोंडात टाकला आणि दुसरा पदर नसल्यामुळं खिशात टाकला.

मी यायला लागले त्याच सुमारास युरोपातल्या दोन मुली दोन आठवड्यांसाठी आल्या होत्या. गोड पोरी. रंगपेट्या आणल्या, भिंतीवर फुलपाखरं काढली, लहानग्यांना कडेवरून खाली ठेवलं नाही. निघताना दोघी ढसाढसा रडल्या. आणि मुलं? एकानंही मान वर केली नाही. खेळत राहिली. मी रेबेकाबाईंना विचारलं, असं कसं? त्या म्हणाल्या, "पहिल्या वेळी रडतात. दहाव्या वेळी रडत नाहीत. आता तुम्हाला कळलं, मी त्या दोन गोष्टी का सांगितल्या?"

कळलं. पण तुला खरं सांगू? दुसरी गोष्ट माझ्याकडून पाळली जात नाहीये. सान्यू नावाची सहा वर्षांची मुलगी आहे. पदर उचलून बघणारी तीच. तिच्या भाषेत सान्यू म्हणजे आनंद. पुढच्या दोन दातांत मोठी फट, त्यातून शिट्टी वाजवते. मी जिथं बसते तिथं येऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसते. तोंड करून नव्हे, पाठ लावून. मी सगळ्यांची आजी आहे असं दिवसभर दाखवते, पण ती पाठ सरकली की मला थंड लागतं.

तिची आई दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. बापाचा पत्ता नाही.

या पोरांकडं बघताना त्या दिवशी माहेरी अव्वाच्या घरी मी जे बोलले ते आठवतं. कुणाचं रक्त, कुठलं पोर, असं मी बोलून गेले. तेव्हा मला तसंच वाटत होतं, दुसरं काही नव्हतं त्यात. असो. पुढच्या वेळी लिहीन.

तुझी
धनलक्ष्मी

*

२३ मार्च २०२५

काशक्का,

काल मी नाचले. साठ वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा बांधलेला, नऊवारी नाही पण पाचवारी खोचून भर अंगणात नाचले. अभिमन्यूनं फोनवर काढून ठेवलंय. त्यानं तुला पाठवलंच असेल, म्हणून आधीच कबूल करते.

सान्यूची मावशी आली.

रेबेकाबाई गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. त्या म्हणतात, हे घर म्हणजे थांबा आहे, गाव नाही. प्रत्येक मुलाचं कुणी ना कुणी शोधत असतात. काका, आजी, कुणीही. सान्यूच्या आईची थोरली बहीण तळ्याकाठच्या एका गावात मासे विकते, असं त्यांना चर्चमधून कळलं होतं. निरोप गेला, पण कुणी आलं नाही. मग फेब्रुवारी संपता संपता एका रविवारी गेटशी एक बाई उभी. काखेत कोंबडी. इथं कुणाकडं जाताना कोंबडी घेऊन जायची रीत आहे. नाव मुतेसी.

आम्ही तिला आत आणलं, बसवलं. ती कोंबडी सोडेना, आम्ही काढून घेईना. मग तिनं सांगायला सुरुवात केली. रेबेकाबाई मला इंग्रजीत सांगत होत्या. धाकट्या बहिणीनं मनानं लग्न केलं, म्हणून ही पाच वर्षं तिच्याशी बोलली नाही. बहीण गेल्याचं कळलं तेव्हा माती होऊन महिना झाला होता. मुलगी इथं आहे हे तिला वर्षापूर्वीच कळलं होतं. तीन वेळा या गेटपर्यंत येऊन ती परत गेली होती.

"का?" मी विचारलं. मला काय गरज होती? पण विचारलं.

मुतेसी म्हणाली, "मुलीनं विचारलं असतं, तू आधी कुठं होतीस, तर मी काय सांगणार होते?"

अक्का, मी खाली बघितलं.

सान्यू माझ्या मागं लपली होती, दोन्ही हातांनी माझी साडी धरून. माझ्या मनात काय आलं ते तुला सांगायला लाज वाटते. मनात आलं, नको जाऊस. राहा इथंच, माझ्या पाठीला. मी तर दीड-दोन महिन्यांत जाणार होते, तरी तसं आलं. रेबेकाबाई माझ्याकडं बघत होत्या.

मग मी वळले, पोरीच्या खांद्याला धरलं आणि पुढं केली.

सान्यू त्या बाईसमोर उभी राहिली. मुतेसीला रडू आवरेना, तोंड वेडंवाकडं झालं, आणि ओठ उघडले तशी सान्यूनं बोट पुढं केलं आणि तिच्या दातांना लावलं. तिच्याही दातांत तशीच फट! सान्यूनं काहीतरी विचारलं. रेबेकाबाईंनी मला सांगितलं, ती विचारतेय, "तुला शिट्टी येते का?"

मुतेसीनं वाजवली. रडत रडत वाजवली. फुस्स झाली पहिली, दुसरी वाजली. आणि कोंबडी सुटली! मग विचारू नकोस. चौतीस पोरं, रेबेकाबाई, स्वयंपाकीण, मी, सगळे कोंबडीमागं. ती पाण्याच्या टाकीवर जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत उतरली नाही.

लगेच मुलगी देत नाहीत. मुतेसी दर रविवारी आली, रेबेकाबाई दोनदा तिच्या घरी जाऊन बघून आल्या, सरकारी माणूसही जाऊन आला. काल सान्यूला पाठवलं. मुलांनी पाण्याचे पिवळे कॅन उलटे करून बडवले आणि सगळे नाचले. मला हाताला धरून ओढलं आणि मीही. जाताना सान्यू मला म्हणाली, "गप बसा, जाज्जा." मीही म्हणलं, "गप बसा, बाळ."

इथं आईच्या थोरल्या बहिणीला 'मोठी आई' अशाच अर्थानं बोलावतात. आपल्या कानडीत दोड्डव्वा म्हणतो, अगदी तसंच. मला हे माहीत नव्हतं.

गेटपाशी मी बराच वेळ उभी होते. वाईट वाटत नव्हतं. तुला वाटेल मी खोटं लिहिते, पण खरंच, छाती भरून आली होती.

धनलक्ष्मी

*

६ एप्रिल २०२५

काशक्का,

मागं फेब्रुवारीत मी तुला लिहिलं होतं, 'तेव्हा मला तसंच वाटत होतं, दुसरं काही नव्हतं त्यात.' ते खोटं होतं. आज खरं लिहिते.

त्या वर्षी तू मूल दत्तक घ्यायला सोलापूरच्या बालगृहात तीनदा जाऊन आली होतीस. दीड वर्षाची मुलगी होती. तू तिच्या मापाचं झबलं शिवून ठेवलं होतंस. दाजी राजी होते, पण सासरचे कुरकुरत होते, म्हणून सगळे अव्वाच्या घरी बसलो. दाजींनी माझ्याकडं बघून म्हणलं, "ही रोज मुलांतच असते, हिलाच विचारू." सगळे माझ्याकडं बघायला लागले.

आणि मी म्हणलं, कुणाचं रक्त असेल काय सांगावं, उगीच विकतचं दुखणं कशाला.

मी अंगणवाडीची बाई. माझ्या मांडीवर कुणाकुणाची पोरं झोपत होती. रक्ताबिक्ताचं मला कधीच काही वाटलं नव्हतं, अक्का.

मी भ्याले होते. अभिमन्यू सहा वर्षांचा होता. मी कामावर जायची आणि तो तुझ्याकडं असायचा. तू त्याला जेवू घालायचीस, शाळेत सोडायचीस, ताप आला तर उशाला बसायचीस. तुला स्वतःची मुलगी आली तर माझ्या पोराकडं कोण बघणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझी सोय मोडू नये म्हणून मी तुझी मुलगी येऊ दिली नाही.

त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. पण दुसऱ्या दिवशी अभिमन्यू शाळेतून आला तेव्हा तुझं दार उघडं होतं आणि ताट वाढलेलं होतं. पुढं सहा वर्षं तसंच. त्याचा डबा तुझ्या घरातून माझ्या घरात यायचा, घासून परत जायचा, आणि आपण दोघी एका शब्दानं बोलत नव्हतो. तू त्याला नाही म्हणाली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

मुतेसी तीन वेळा गेटवरून परत गेली. मी तुझ्या दारावरून किती वेळा परत गेले, मोजलं नाही. दाजी गेले तेव्हा शेवटच्या रांगेत बसून आले.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. पण १९ तारखेला मी सोलापूरला पोचते. आधी तुझ्या दारी येणार. भांडी घासत बसलीस तर मी शेजारी बसून विसळीन.

धना

*

२२ जुलै २०२५
युगांडा

धने,

तू सोलापुरात, मी हितं. काय दिवस आला बघ! तीन महिन्यांचा व्हिसा संपला तशी तू परत गेलीस आणि तुझ्या जागी मी आले. रेबेकाबाईनं मला बघून अभिमन्यूला विचारलं म्हणं, "हिला आणखी बहिणी हायत का? असतील तर सगळ्यांना बोलाव."

पत्र लिहायची मला सवय न्हाय, सातवीपर्यंतचं शिक्षण. चुकलं तर चुकलं.

तू एप्रिलमध्ये दारात बॅग घेऊन उभी राहिलीस तवा मी म्हणलं, "चप्पल बाहेर काढ की." एकवीस वर्षांनी तेवढंच तोंडात आलं. तू रडायला लागलीस, मला वाटलं चप्पल काढायला सांगितली म्हणून रडतीयास. मग मला पण रडू आलं. नंतर तू चार पत्रांचं बोलायला लागलीस तर मी विषय बदलला. तुला वाटलं मला अजून राग हाय. म्हणून आज लिहिते.

मला त्याच दिवशी कळलं होतं, धने. तू अव्वाच्या घरी तसं बोललीस आणि लगेच अभिमन्यूला जवळ ओढलंस. मी बघितलं. रक्ताचं काय न्हाय, हिला पोराची काळजी हाय, हे मला तितंच कळलं. तू सरळ म्हणाली असतीस की "अक्का, माझ्या पोराचं काय होणार?" तर मी म्हणले असते, दोघं खेळतील की. ते तू म्हणली न्हाईस, त्याचा राग होता.

आणखी एक. ते मी आजवर कुणाला बोलले न्हाय. तू नको म्हणलीस म्हणून मी गप्प बसले, पण मी हटून बसायला पायजे होतं. सासरच्यांपुढं. माझ्यात तेवढा दम नव्हता. मग तुझ्यावर रागावणं सोपं पडलं. म्हणून निम्मा तुझा दोष, निम्मा माझा. आता हा विषय पुरे.

हितलं सांगते. घरात एक पायाची शिलाई मशीन गंजून पडली होती. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत तीस वर्षं टॉवेलच्या कडा मारल्या, मला काय गप्प बसवंल? तेलपाणी केलं, पट्टा घातला. आता सहा मोठ्या मुली शिकतायत. पहिल्या आठवड्यात वाकडी शिवण घालून हसायच्या, मी उसवून हातात द्यायची. उसवून उसवून त्यांना राग आला आणि रागानं सरळ शिवायला लागल्या. शाळेचे गणवेश आम्हीच शिवले. चौदा वर्षांची बाबिर्ये तर कॉलर अशी लावते की मी बोट फिरवून बघते, शिवण सापडत न्हाय.

परवा रविवारी सान्यू आली, मावशीला घेऊन. फोनमधल्या नाचात दिसली त्याहून उंच झाली. मी साडीत दिसले तशी पळत आली आणि निम्म्यात थांबली. मग माझ्या भोवती फिरून बघितलं आणि म्हणाली, "ही दुसरी हाय." रेबेकाबाई म्हणाली, "ही तिची थोरली बहीण." मुतेसीनं माझे दोन्ही हात धरले आणि सोडलेच न्हाईत. तिला माझी भाषा येत न्हाय, मला तिची. आमचं लई बोलणं झालं. आणि तिनं पुन्हा कोंबडी आणली, ती मी आधीच बांधून ठेवली.

आता शेवटचं. आज दुपारी मशीनवर बसले होते, पोरी भोवती. बाबिर्येनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत, बोटं मोजून दाखवत विचारलं, "जाज्जा, तुला मुलं किती?"

जन्मभर हा प्रश्न आला की मी उठून आत जायची. बाजारात, लग्नात, गड्ड्याच्या यात्रेत, कुठं कुठं न्हाय विचारलं बायकांनी. पण हितं उठून जायला पाय मशीनच्या पायट्यावर होता, आणि माझ्या तोंडातून सरळ आलं, "एक."

"कुठं असतो?"

तेवढ्यात अभिमन्यू मला न्यायला गेटमधून आत येत होता, कारखान्याचा निळा शर्ट, केसांत धूळ. मी बोट केलं. म्हणलं, "त्यो बघ, आला."

त्यानं ऐकलं. जागेवर उभा राहिला. मग येऊन माझ्याजवळ खाली मातीत बसला, एवढा मोठा माणूस, आणि मशीनचं चाक उगीच हातानं फिरवत राहिला. पोरी हसायला लागल्या. दोरा तुटला, तरी मी त्याला नको म्हणलं न्हाय.

धने, पोरगा तुझाच हाय, मला म्हाईत हाय. पण मी 'एक' म्हणलं ते म्हणलं. आता ते परत घेणार न्हाय.

तुझी अक्का
काशम्मा